कुकर घरीच ठेवा

बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांचे फोन हल्ली मला बरेच येतात. पहिला प्रश्न ठरलेला: कॉलेजजवळ बरासा फ्लॅट मिळेल का? पहिल्या वर्षी तो विषयच नसतो. माझी भाची मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसला आहे. तिथे थोडेफार अपवाद सोडले तर पहिल्या वर्षाच्या मुलांनी कॅम्पसवरच राहायचं, असा नियम आहे. आपल्याकडे हॉस्टेलच्या यादीत नाव लागावं म्हणून देव पाण्यात ठेवतात. इथे नको म्हटलं तरी खोली घ्यावी लागते.

ती साउथवेस्ट भागात राहते. तिथे 22 मजली पाच टॉवर आहेत, जॉन ॲडम्स, केनेडी, कूलिज अशा राष्ट्राध्यक्षांच्या नावांचे. खोली दोघींत एक. एकीने बॅग उघडली की दुसरीने पलंगावर पाय घेऊन बसायचं. न्हाणीघर सामाईक, त्यामुळे रबरी चपला हव्यातच. गादी ‘ट्विन एक्सएल’, म्हणजे तीन फूट रुंद आणि 80 इंच लांब. ताईने दिलेल्या सोलापुरी चादरी पांघरायला उत्तम, पण गादीला घालायला इलॅस्टिकची चादर इथेच घ्यावी लागली.

ताईचा जीव मात्र जेवणात अडकलेला. “अगं, पण ती भात कशावर लावणार?”

कशावरच नाही, ताई. खोलीत राइस कुकर नाही, शेगडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. धुराने अलार्म वाजला की मध्यरात्री अख्खा टॉवर जिने उतरून बाहेर थंडीत. त्याऐवजी खोलीबरोबर मील प्लॅन घ्यायचा, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायचे.

आणि जेवणाच्या बाबतीत पोरीने नशीब काढलं. कॅम्पसवरच्या जेवणासाठी प्रिन्स्टन रिव्ह्यू या कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या कंपनीच्या यादीत हे विद्यापीठ सलग अनेक वर्षं पहिलं आलंय. वूस्टर, फ्रँकलिन, हॅम्पशायर आणि बर्कशायर अशी चार डायनिंग कॉमन्स, म्हणजे मोठाली भोजनगृहं. शेवटची दोन साउथवेस्टमध्येच. दारात कार्ड दाखवायचं आणि पोटभर जेवायचं. ताटल्या मुद्दाम लहान, म्हणजे अन्न टाकलं जात नाही. पुन्हा वाढून घ्यायला कुणी अडवत नाही. सुशी, नूडल्स, पिझ्झा, मधूनच छोलेही. प्रत्येक पदार्थापुढे पाटी असते: शाकाहारी, व्हीगन, हलाल, कशाची ॲलर्जी. गोम एवढीच, की इथल्या ‘शाकाहारी’त अंडं चालतं. अंडं न खाणाऱ्यांनी घटक वाचावेत किंवा व्हीगन घ्यावं. पण मग दही-तूपही गेलं.

म्हणून बॅगेत कुकरच्या जागी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं द्या, नीट सीलबंद. विमानतळावर खाण्याच्या वस्तू आहेत असं सरळ सांगायचं, लपवायचं नाही.

डिसेंबरात सत्र संपलं की बऱ्याच इमारती बंद होतात. सुट्टीत राहायचं तर सोय वेगळी मागावी लागते, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा. जवळपास कुणी नातेवाईक असतील तर त्यांना दिवाळीतच सांगून ठेवा. आमच्याकडे पाहुण्यांची गादी एकच आहे, आणि जो आधी कळवेल त्याची!