लाईनचा नकाशा तात्यांच्या डोक्यात होता

तीन वर्षांपूर्वीची आषाढी. आमच्या पाणी योजनेवर पाणी सोडणारे तात्या वारीला गेलेले आणि नेमकी तेव्हाच रात्री दोनला आमची पाण्याची लाईन फुटली. ३०० एमएमचा जुना एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटचा) पाईप, ओढ्याच्या कडेला, शेताचा बांध वाहून गेला एवढा जोर. पंपहाऊसवरच्या पोराचा फोन आला, मॅडम पंप बंद केलाय. पण नुसता पंप बंद करून भागत नाही, कारण ही ग्रॅव्हिटीची लाईन, डोंगरावरच्या टाकीत पाणी आहे तोवर ते येतच राहणार. टाकीचा आउटलेट बंद करावा तर बेचाळीसच्या बेचाळीस गावं कोरडी. मधला वॉल (म्हणजे व्हॉल्व्ह, पाणी अडवायची झडप) बंद केला असता तर चौदाच गावांचं पाणी थांबलं असतं, बाकीच्यांना कळलंही नसतं. आणि तो मधला वॉल कुठे आहे हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

ड्रॉइंग होतं. ड्रॉइंगवर वॉल रस्त्याच्या डाव्या बाजूला बाभळीजवळ, पण रस्ता रुंद झाला, बाभूळ गेली, वर मुरूम पडला. आम्ही चार ठिकाणी जेसीबीने खणलं. शेवटी पहाटे आउटलेट बंद केलाच, आणि तोपर्यंत टाकीपासून सहा किलोमीटरची भरलेली लाईन, म्हणजे हिशोबाने सव्वाचार लाख लिटर पाणी, ओढ्याला गेलं. टाकीतलं गेलं ते वेगळं.

सकाळी दिंडीतल्या कोणाच्या तरी फोनवर तात्या सापडले, लोणंदच्या मुक्कामात. त्यांनी एका दमात सांगितलं, "बाभूळ सोडा ताई, म्हसोबाच्या पाठीकडनं सतरा पावलं मोजा आन् तिथं खणा. आन् ध्यानात ठेवा, उलटा हाय त्यो, डावीकडं फिरवला की बंद होतो. साडेबारा आटे." सतरा पावलांवर वॉल सापडला. डावीकडे साडेबारा आट्यांनी बंद झाला. आम्ही उजवीकडे जोर लावला असता तर स्पिंडलच तुटला असता.

त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. पाणी गेलं, टँकर लावले, लोकांची बोलणी खाल्ली, ते होतं कधी कधी. भीती याची वाटली की कागदावर कोट्यवधींची योजना आहे आणि ती प्रत्यक्षात चालते एका साठीच्या पुढच्या माणसाच्या आठवणीवर, जो कागदोपत्री आमचा कर्मचारीसुद्धा नाही, ठेकेदाराचा मजूर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रादेशिक योजना म्हणजे एका गावची विहीर-टाकी नाही, तर नदीवर एक जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून पंपाने पाणी उचलून फिल्टर प्लँटला, तिथून उंचावरच्या मोठ्या टाकीत, आणि मग तिथून उताराने गावोगावच्या टाक्यांमध्ये. अशा योजना राज्यात बऱ्याच जीवन प्राधिकरणाने बांधल्या (१९७६ च्या कायद्याने जे पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ झालं त्याचंच १९९७ ला हे नाव झालं), आणि मग चालवायला कुठे जिल्हा परिषद, कुठे योजनेतल्या गावांची मिळून शिखर समिती, कुठे प्राधिकरण स्वतः. आमची १९९८ सालची. डिझाईन करताना पाईपलाईन साधारण ३० वर्षांची धरतात, पंप आणि मोटर १५ वर्षांची. म्हणजे आमचे मूळ पंप कधीच म्हातारे झालेत आणि पाईपही कडेला आलेत. अशा वेळी कुठलीही वस्तू कुठे आहे, कशी आहे, शेवटची कधी दुरुस्त झाली, हे माहीत असणं हाच निम्मा पाणीपुरवठा आहे असं मी आता मानते.

तात्या वारीहून आल्यावर मी त्यांच्यासोबत लाईन चालायला सुरुवात केली. सकाळी सहा ते दहा, आठवड्यातून तीन दिवस, असे जवळजवळ तीन महिने. माझ्याकडे मोबाईल आणि एक दोनशे पानी वही, त्यांच्याकडे वॉल फिरवायची टी-चावी, पहार आणि एक लांब लोखंडी सळई. सळईचं मला आधी कळलं नव्हतं. एका ठिकाणी रस्ता कोरडा होता, काहीच दिसत नव्हतं, तात्यांनी सळई वॉलच्या स्पिंडलवर टेकवली, दुसरं टोक कानाच्या मागच्या हाडाला लावलं आणि डोळे मिटून मिनिटभर उभे राहिले. मग मला म्हणाले ऐका. मी लावली. आधी नुसतंच काहीतरी घरघर, मग हळूहळू त्यात एक बारीक शिट्टीसारखा आवाज वेगळा काढता आला. ते म्हणाले ही शिट्टी गळतीची, घरघर पाण्याची. पुढच्या वॉलवर शिट्टी नव्हती, म्हणजे गळती या दोघांच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी खणलं, जॉइंटची रबर रिंग गेलेली. शहरांमध्ये याच कामाला लाखांची यंत्रं घेतात, तीही हवीतच, पण हे ऐकायला शिकलेला कान आमच्याकडे होता आणि आम्ही त्याला वीस वर्षं फक्त पाणी सोडायला लावलं.

ड्रॉइंगवर ६१ वॉल होते, जमिनीवर ७४ सापडले. त्यातले १९ जागचे हलत नव्हते, गंजून धरलेले. प्रत्येकाला नंबर दिला, मोबाईलवर लोकेशन घेतलं, जवळच्या न हलणाऱ्या खुणा लिहिल्या (झाड नाही, रस्त्याची कड नाही, देऊळ, शाळेचा कोपरा, पुलाचा कठडा असं), कुठल्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो, किती आटे, त्याच्या पुढे कुठली गावं. एवढंच. लोक असेट मॅनेजमेंट म्हटलं की सॉफ्टवेअर विकत घ्यायला निघतात, मी म्हणते आधी हे लिहा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये भरायला काहीतरी तरी असेल. आम्ही नंतर सगळं एक्सेलमध्ये घेतलं आणि नकाशाही केला पण मूळ वही अजून पंपहाऊसच्या कपाटात आहे, कारण रात्री दोनला लाईट नसते आणि मोबाईलला रेंज नसते.

त्या वहीला मागून दुसरं एक काम जोडलं. जिथे जिथे लाईन फुटेल तिथे तारीख, जागा, कसा फुटला आणि त्या आधी लाईट गेली होती का, हे लिहायचं. वर्षभरात चित्र दिसायला लागलं. जॅकवेलपासून फिल्टर प्लँटपर्यंतच्या रायझिंग मेनवर (पंपाने पाणी वर चढवणारी लाईन) एकाच दीड किलोमीटरच्या पट्ट्यात पुन्हा पुन्हा फुटत होतं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आधी लाईट गेलेली. लाईट गेली की पंप एकदम थांबतो, वर चढलेलं पाणी माघारी येतं, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा वॉल) धाडकन आपटतो आणि त्या दणक्याने पाईप कुठेतरी सुटतो. आमच्या एनआरव्हीचा फ्लॅप ढिला झालेला, आणि त्या पट्ट्यातले सहा एअर वॉल (पाईपातली हवा सोडणारे-घेणारे) एकतर जाम नाहीतर फोडलेले. तोवर आमचं सगळ्यांचं मत होतं की तिथला पाईपच बदलायला पाहिजे, प्रस्ताव पण तयार होता मोठ्या रकमेचा. आम्ही आधी एनआरव्ही दुरुस्त केला, एअर वॉल बदलले. त्यानंतर त्या पट्ट्यात दोनदाच फुटलंय.

फोडलेल्या एअर वॉलबद्दल एक सांगायचंय. हे मेंढपाळांनी, रानातल्या वस्तीवरच्या लोकांनी पाण्यासाठी फोडलेले असतात आणि आपण लगेच नुकसान करणारे म्हणून त्यांच्यावर चिडतो. उन्हाळ्यात तहानलेल्या जनावरांच्या शेजारून पाण्याने भरलेला पाईप जात असेल तर दुसरं काय होणार? तात्यांनीच सुचवलं, दोन ठिकाणी बाजूला हाळ बांधा, तोटी द्या. बांधले. ते एअर वॉल पुन्हा कोणी फोडले नाहीत.

आता शिकवण्याचं. मला वाटायचं की ट्रेनिंग म्हणजे हॉल, बॅनर, चहा, सर्टिफिकेट. आमच्याकडे एक प्रसंग घडला त्यानंतर माझं मत बदललं. एक मोठे अधिकारी पंपहाऊस बघायला येणार होते. आदल्या दिवशी नवीन पोराने सगळं धुऊन पुसून स्वच्छ केलं आणि पंपाच्या ग्लँडमधून (शाफ्ट बाहेर येतो तिथलं पॅकिंग भरलेलं तोंड) थेंब थेंब पाणी गळत होतं म्हणून ग्लँडचे नट आवळून गळती पूर्ण बंद केली. त्याला वाटलं पाहुण्यांसमोर गळका पंप कसा दाखवायचा. पण ग्लँडमधून थेंब पडायलाच हवेत, त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहतं. दोन दिवसांत पॅकिंग जळलं, शाफ्टच्या स्लीव्हवर खाचा पडल्या, पंप खोलावा लागला. पोरगा आयटीआय वायरमन, हुशार, कामसू. चूक त्याची नव्हतीच, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायला पाच मिनिटं लागतात, फक्त पंपाशेजारी उभं राहून सांगावं लागतं.

म्हणून आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही पंपहाऊसवरच बसतो, खाली सतरंजी टाकून, आणि एकच विषय घेतो. पहिला विषय लॉगबुक होता. आमच्या लॉगबुकात दर तासाला अँपिअर, व्होल्टेज, प्रेशर लिहायचं असतं आणि वर्षानुवर्षं ओळीने तेच आकडे, ६२, ६२, ६२, कधी कधी तर उद्याचेही आजच लिहिलेले. मी रागावले नाही. मी विचारलं, हा आकडा कशासाठी लिहितो आपण? कोणालाच माहीत नव्हतं, साहेब तपासतात म्हणून, एवढंच. मग आम्ही चालू पंपावरच दाखवलं. डिलिव्हरीचा वॉल थोडा आवळला, प्रेशर चढलं, अँपिअर उतरला. मोकळा सोडला, प्रेशर उतरलं, अँपिअर चढला. म्हणजे सेंट्रिफ्यूगल पंपावर प्रेशर एकदम उतरून अँपिअर चढला की समजायचं पुढे लाईन फुटली, कोणाच्या फोनची वाट बघायची नाही. आणि तेवढंच प्रेशर असताना महिन्यागणिक पाणी कमी पडत चाललं तर इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजलाय. ७० टक्के कार्यक्षमतेचा पंप ५५ वर आला तर तेवढंच पाणी उचलायला विजेचं बिल सव्वापटीच्या वर जातं, आणि प्रादेशिक योजनेचा सगळ्यात मोठा खर्च वीजबिलच असतं. त्या दिवसानंतर आकडे बदलायला लागले, ६१, ६३, ६२, ५९. ते वाकडेतिकडे आकडे बघून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

आता पैशाचं, कारण ते टाळून हा विषय पुरा होत नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं तेव्हा देशात ग्रामीण भागात ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता, आता १५ कोटींच्या वर गेलाय, मुदतही २०२८ पर्यंत वाढवली. एवढं मोठं काम आपल्या हयातीत झालं याचा मला मनापासून अभिमान आहे. पण दर नळामागे कोणीतरी वॉल फिरवणारा लागतो. नल जल मित्र म्हणून कार्यक्रम आणलाय, गावातल्याच माणसाला प्लंबिंग, वायरिंग, पंपदुरुस्ती असं सगळं मिळून शिकवायचं, कल्पना अगदी योग्य आहे. गावात पाच महिलांना फिल्ड टेस्ट किटने पाणी तपासायला शिकवायचं तेही योग्य, आमच्या एका गावात तर त्या बायकांनीच पहिल्यांदा सांगितलं की शेवटच्या गल्लीत क्लोरीन पोचत नाही. पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीच्या बंधित निधीतही (ठरलेल्या कामांवरच खर्चायचा पैसा) पाण्यासाठी हिस्सा ठेवलेला होता. पण शिकलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार कोण देणार, यावर येऊन गाडं अडतं. आमच्याकडे ठेका दर वर्षी बदलतो आणि तात्या दर वर्षी कागदावर नवीन लागतात, अनुभव शून्य. चार-चार महिने पगार थकतो आणि मग शिकवलेलं पोरगं एमआयडीसीत निघून जातं, त्याला मी कुठल्या तोंडाने थांब म्हणू. माझं म्हणणं एवढंच आहे की टेंडरमध्ये पंपाचं, पाईपचं स्पेसिफिकेशन पानभर असतं, तसं ऑपरेटरचंही लिहा. अमुक इतकी वर्षं याच योजनेवर काम केलेला, ठेका बदलला तरी तोच राहील, पगार थेट खात्यात, आणि दर वर्षी इतके दिवस शिकवणं ठेकेदारावर बंधनकारक. हे लिहिता येईल असं मला वाटतं.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरला मी एकदा मुद्दाम गेले होते, २००९ पासून तिथे मीटरने चोवीस तास पाणी आहे, पंतप्रधान पुरस्कारही मिळालाय. छोटं गाव आणि तिथे होतं म्हणजे आपल्याकडे का नाही हे डोक्यात घेऊन परत आले. आमच्याकडे एवढ्यात चोवीस तास होणार नाही, मला माहितीय. पण दिवसाआड ठरलेल्या वेळेला नक्की पाणी, एवढं आम्ही आणलंय.

तात्यांचे गुडघे आता चेंबरमध्ये उतरू देत नाहीत. ते वर कठड्यावर बसतात, पोरगा खाली उतरतो आणि आटे मोजून ओरडून सांगतो, तात्या बोटांवर मोजतात. मागच्या मंगळवारी वॉल नंबर ४७ वर पोराने सांगितलं अकरा, तात्या म्हणाले अजून अर्धा हाय, पोराने फिरवला, अर्धा होता. वहीत दुरुस्ती केली. १९ जाम वॉलपैकी १३ सुटलेत, सहा राहिलेत, त्यातले दोन ओढ्यात आहेत, पाऊस लागायच्या आत ते करायचेत.