शिवसागरात एकट्यानं शीड हाकताना

यवतेश्वरचा घाट चढून कासचं पठार ओलांडलं की बामणोलीला शिवसागर भेटतो. कोयना धरणाचं हे १०५ टीएमसीचं पाणी डोंगरांमध्ये लांबट पसरलंय. सकाळी ते तेलासारखं निवांत असतं. दुपारी पश्चिमेचा वारा सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरतो, तोही झोतांत. खिंडीसमोर होडी एकदम कलते, डोंगराच्या पुढच्या सोंडेआड शीड लुळं पडतं. बारा फुटी होडीत एकटा असताना अशा वेळी जागेवरून उठलात की तोल गेलाच. म्हणून ज्या कामासाठी उठावं लागतं, त्याच कामावर मी पैसे घालतो. बहुतेक सामान हार्डवेअरच्या आणि पंक्चरच्या दुकानात मिळतं.

पहिला मान सुकाणूच्या लगामाचा. दांड्याखालून होडीच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत ६ मिमी दोरी आडवी ताणायची, मधला हातभर भाग स्कूटरच्या ट्यूबच्या पट्टीचा. ही पट्टी दांड्याला दोन वेढे मारते. शीड आवरेपर्यंत सुकाणू जागेवर राहतं, जोर लावला तर वळतंही. वेढ्यांना गाठ मात्र कधी मारू नये. तुम्ही पाण्यात पडलात तर सुकाणू गाठीनं बांधलेली होडी सरळ निघून जाईल. ट्यूब उन्हानं तडकते, दर हंगामाला बदलावी.

काठावर बसून सुकाणू धरायला मीटरभर जोडदांडा लागतो. २० मिमीचा ॲल्युमिनियम पाइप घ्या, पीव्हीसी उन्हात लवतो. त्याच पाइपचा छोटा तुकडा दांड्यावर बोल्टनं बसवून दोन्ही टोकं १० सेंमीच्या जाळीदार होजनं जोडायची, मध्ये ३ सेंमी फट ठेवून. फट नसेल तर सांधा वळत नाही. होज आवळणाऱ्या क्लिपांची टोकं हात कापतात, वर टेप गुंडाळा.

पुढचं शीड उतरवायला नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, रांगत जाणं तर सगळ्यात वाईट. शिडाच्या वरच्या टोकाला ४ मिमी दोरी बांधून ती शिडाच्या कडेच्या पहिल्या दोन-तीन कड्यांतून खाली नाळेवरच्या कप्पीत, तिथून बैठकीपर्यंत आणायची. चढवायची दोरी सोडली, ही ओढली, शीड खाली. अडतं ते चढवायच्या दोरीचा पीळ कप्पीत बसल्यामुळे. म्हणून ती गोल गुंडाळून न टांगता नागमोडी पसरून ठेवायची.

मोठ्या शिडाच्या शेंड्याला घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन बांधावा. दिसायला गावंढळ, पण होडी कलंडली तर आडवीच राहते, सहसा उलटी होत नाही. मोठं शीड ताणायची-सैल सोडायची दोरी हातातच ठेवा. खुंटीला अडकवली की पुढचा झोत कलंडवणारच.

आता नांगर. दिवाळीनंतर पाणी उतरत जातं तशी बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात आणि नांगर त्यांत अडकतो. नांगराच्या बुडाला, म्हणजे नेहमीच्या कडीच्या विरुद्ध बाजूला, वेगळी दोरी आणि तरंगती बाटली बांधा. पाण्याच्या खोलीपेक्षा ती दोनेक मीटर लांब हवी. नांगर अडला की बाटलीपाशी जाऊन ही दोरी सरळ वर ओढायची, म्हणजे तो उलट्या बाजूनं सुटतो.

वासोटा किल्ल्याकडचा पश्चिम काठ अभयारण्यात येतो. तिथं उतरायचं तर वनखात्याची परवानगी बामणोलीतच काढून निघा.