आखीव कागद

२२ मार्च

आज दुपारी तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या ट्रस्टकडून शाळेच्या पाण्याच्या टाकीचा चेक न्यायला तिथले सर आले होते. जतच्या पूर्व भागातून, दोन एसट्या बदलून. पावतीवर शिक्का मारायला त्यांनी फाइल उघडली आणि आत आमच्याकडं आलेलाच अर्ज दिसला. पण टाइप केलेला, खाली अंदाजपत्रकाचा तक्ता, विषय ठळक अक्षरात. मी सहज म्हटलं, "अरे, टाइप केलेलाही आहे की."

सर मोकळेपणी हसले. "ही पंचायत समितीला दिली त्याची प्रत, ताई. तुमच्यासाठी वेगळा लिहून घेतला. तुमच्याकडं आखीव कागदावर हातानं लिहिलेलाच लागतो म्हणतात सगळे. सातवीतल्या एका पोरीचं अक्षर चांगलंय. घरी कन्नड बोलतात, पण मराठी बघा की कसं मोत्यासारखं काढलंय."

लागतो म्हणतात. सगळे.

मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिले. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

सरांनी काही लबाडी केलेली नाही, हे मला कळतं. टाकी खरी आहे, म्हणजे फुटलेली आहे, मी फोटो पाहिलेत, तिकडच्या एका ओळखीच्यांना पाठवून खात्रीही करून घेतली होती. पोरं घरून बाटल्या आणतात हेही खरं. पैसे योग्य जागी गेले. मग मला एवढं का लागावं? कारण मीटिंगमध्ये मी टाकीबद्दल बोललेच नव्हते. मी बोलले होते त्या अर्जाबद्दल. "यात माणूस दिसतो," असं म्हणाले होते. आणि खाली एका ठिकाणी शब्द खोडून वर 'विनंती' लिहिलंय, त्यावर तर मी पाच मिनिटं घेतली. इथं आधी 'मागणी' असणार, मग लिहिणाऱ्याला संकोच वाटला असणार, वगैरे. भाऊजींनी घड्याळाकडं बघितलं आणि सूचक म्हणून सही केली.

ती खाडाखोडसुद्धा मुद्दाम केलेली असेल का? हे सरांना विचारायचं राहिलं. विचारणार तरी कसं?

अक्षरावरून पारखायची ही सवय अण्णांची, माझ्या सासऱ्यांची. अण्णांचे नियम तीन. देवळाला नको, निवडणुकीत उभं राहणाऱ्याला नको, आणि अर्जाआधी हार घेऊन येणाऱ्याला तर मुळीच नको. हाताच्या अक्षराचं त्यांनी नियम म्हणून कधी सांगितलं नाही, पण टाइप केलेला कागद ते असे दोन बोटांत धरायचे, हळदीच्या नमुन्यात खडा निघाल्यासारखा. पेढीवर बसून माल पारखलेला माणूस. मीही पारखायला शिकले असं मला वाटत होतं. आता कळतंय की मार्केट यार्डात जसं कुठल्या अडत्याला कुठला माल खपतो हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, तसं आमचंही सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडं मालाची परीक्षा चालली आहे असं आपण समजायचं, आणि माल गिऱ्हाईक ओळखून आलेला.

अकरा वर्षं झाली. सह्यांना सगळे विश्वस्त, वाचायला मी. दिवाळीनंतर अर्ज यायला लागतात ते जानेवारी संपेपर्यंत. निम्मे ओळखीचे, म्हणजे कुणाच्या तरी ओळखीचे. मग फोन. मग "वहिनी, जरा बघा हं." विश्वस्तपत्रात शिक्षण, वैद्यकीय मदत आणि गरिबांना साहाय्य असं लिहिलंय, त्यात काय बसत नाही? डायलिसिसवाला बसतो, वसतिगृह बसतं, चष्मे बसतात. सगळं बसतं म्हणूनच मला झोप लागत नाही. ठेवींचं व्याज काय ते साडेचार लाख. त्यातलं ८५ टक्के त्याच वर्षी खर्ची पडायला हवं, नाहीतर कर तरी भरा किंवा पुढं ओढायला वेगळा फॉर्म भरा, असं सीए साहेब दर फेब्रुवारीत बजावतात. म्हणजे ज्याची गरज मार्चच्या आत पावतीसकट सिद्ध होते त्याचं नशीब चांगलं. एप्रिलमध्ये आजारी पडणाऱ्यानं पुढच्या वर्षापर्यंत दम धरावा. आणि या सगळ्याबद्दल मला कुणी 'दमलीस का' एवढंही विचारत नाही. असो. हे लिहायला बसले नव्हते.

निवड सोपी गेली ते एकच वर्ष, २०१९. सांगलीत महापूर, आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर, आणि आमच्याच माडीवर गावभागातली तीन बिऱ्हाडं. कुणी अर्ज केला नाही, आम्ही मागितला नाही. पाणी ओसरल्यावर बाहेरगावाहून ट्रक भरभरून जुने कपडे यायला लागले, चौकाचौकात ढीग. जाऊबाईंनी तेवढ्यात डोकं चालवलं: वह्या-पुस्तकं आणि फिनेल. ठरवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चिखलात उभ्या असलेल्या माणसाचं अक्षर कोण बघतो?

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "साताऱ्यात बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घालायला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, तेव्हा पोरांकडून अर्ज मागवले नव्हते." ह्यांचं असंच. ऐकायला छान. मग मी म्हटलं, तर मग पुढच्या वर्षी तुम्हीच वाचा सगळे. तर आमटी वाढायला सांगून गप्प.

जाऊबाईंना फोन केला. म्हटलं, पुढच्या वर्षी स्पष्ट कळवू या, अर्ज कसाही चालेल. त्या म्हणाल्या, "मग म्हणतील, यांना कसाही लिहिलेला आवडतो." आणि एवढ्या हसल्या की मलाही हसू आलं. खरंच आहे. माझी आवड काहीही असो, ती गावाला माझ्याआधी कळणार.

नाकारलेल्यांचा गठ्ठा काढला. आटपाडीच्या त्या बाई, मुलींच्या अभ्यासिकेच्या. 'आर्थिक साहाय्य मिळणेबाबत.' टाइप केलेला. कोपऱ्यात माझ्या लाल पेनानं 'छापील नमुना'. त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात पानाला पैसे मोजून तो करून घेतला असणार, नीटनेटका दिसावा म्हणून. खाली सही आहे, मोठी, थरथरती, एकेक अक्षर सुटं सुटं.

शिल्लक २२ हजार आहे. ३१ तारखेला अजून नऊ दिवस. बघते.

झोपायच्या आधी तो आखीव कागद पुन्हा काढला. राहवेना. ट्यूबलाइटसमोर उलटा धरला, मग मोबाइलची बॅटरी मागून लावली. खोडलेला शब्द 'मागणी' नाही. 'विनंति' आहे. ऱ्हस्व. पोरीनं ऱ्हस्व काढली, कुणीतरी चूक दाखवली, तिनं खोडून दीर्घ केली.

भाऊजींना हे सांगायचं नाही. वेलांटीवर साठ हजार दिले म्हणून दर दिवाळीला ऐकवतील.