तुम्ही विचारलंत म्हणून: जॅकल चुकला तेव्हा

दादरच्या आमच्या वाचनकट्ट्यावर फ्रेडरिक फॉरसाइथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ ह्या कादंबरीचा विषय निघाला की कुणी ना कुणी माझ्याकडे वळतंच. “शेवटी त्याचा नेम चुकतो, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं ना?” एकदा बोलून गेलो, त्याला बरीच वर्षं झाली. काही जण सहज विचारतात, काही जण आरोप ठेवल्यासारखं. मी “हो, वाटलं” म्हणतो आणि विषय बदलतो. आज सगळं सांगतो.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे: जॅकल हा भाड्याचा मारेकरी, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेला. द गॉल १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या घरी वारले, पुस्तक आलं १९७१ मध्ये. म्हणजे मारेकरी हरणार हे पहिल्या वाचकालाही ठाऊक होतं. “मग त्यात उत्सुकता कसली?” असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. टूलरूममध्ये लेथवर माझी तेहेतीस वर्षं गेली. जॉब मापात येणार हे कळत असतानाही शेवटचा कट घेताना माझा श्वास अडकायचा. एवढंच माझं उत्तर.

ब्रुसेल्सच्या बंदूक बनवणाऱ्याचं प्रकरण मी किती वेळा वाचलं असेन, मोजलेलं नाही. गिऱ्हाईक येतं, काय हवं ते नेमकं सांगतं. कारागीर अडचणी काढतो, दोघं मिळून त्या सोडवतात, मुदत ठरते. स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांत मावणारी रायफल, आणि त्या नळ्यांची कुबडी. आमच्याकडे पार्टी ड्रॉइंग घेऊन यायची तेव्हा हेच बोलणं चालायचं. हाताच्या कामाबद्दल इतक्या आदराने लिहिलेलं मी फार कमी वाचलंय. म्हणून मी सांगत आलो की मी मारेकऱ्याच्या बाजूने नव्हतो, कामाच्या बाजूने होतो. ते खोटं नाही. पण तेवढंच खरं, असंही नाही.

२१ मे १९९१ ची रात्र. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही सात माणसं, दहाला दिवा बंद. मी अप्रेंटिस होतो. जिन्याजवळच्या बल्बखाली, गॅलरीत बसून वाचायचो. पुस्तक फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेलं, इंग्रजी, शेजारी डिक्शनरी. तीन आठवडे लागले होते आणि त्या रात्री ते संपवायचंच असं ठरवलं होतं. पाणी यायच्या सुमाराला मी २५ ऑगस्ट १९६३ पर्यंत पोचलो. पॅरिसच्या मुक्तीचा दिवस. वरच्या खिडकीत जॅकल, खाली चौकात पदकं वाटणारे द गॉल. पदक लावून ते त्या म्हाताऱ्या सैनिकाच्या गालाला गाल लावायला पुढे वाकतात आणि गोळी डोक्यामागून निघून जाते.

मी पुस्तक मांडीवर आपटलं. “च्यायला, चुकला!”

बाबा कळशी घेऊन नळाकडे निघाले होते. “कोण चुकला?” त्यांनी विचारलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतच वर आलं. राजीव गांधी गेले. मद्रासकडे. बॉम्ब.

बाबा गिरणीतले. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली आणि तेव्हापासून मुंबईतलं असो की दिल्लीतलं, सरकार म्हटलं की त्यांच्या तोंडून शिवीच यायची. त्यांनी कळशी कठड्याशी ठेवली, रिकामीच. नळावरचा भांड्यांचा आवाज थांबला होता. बऱ्याच वेळाने माझ्या मांडीकडे बघत म्हणाले, “काय आहे ह्यात?”

मी सांगितलं. थोडक्यातच.

“त्याचं त्या फ्रान्सवाल्याशी वैर होतं?”

“नाही. पाच लाख डॉलर ठरले होते.”

“आणि तू कुणाकडून होतास?”

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. “पाणी जाईल,” म्हणाले, कळशी उचलली आणि गेले.

पुढच्या दिवसांत श्रीपेरुंबुदुरचे तपशील येत गेले. अंगावर बॉम्ब बांधलेली ती बाई राजीव गांधींच्या पाया पडायला वाकली होती. तिथला फोटोग्राफर स्फोटात मेला, पण कॅमेरा शाबूत सापडला, आणि हार हातात धरून वाट बघणारी ती बाई पेपरात छापून आली. मी तो फोटो फार वेळ बघितला होता. तिचंही काम कुणीतरी आखलं होतं, पट्टा कुणीतरी शिवला होता, मापं घेतली होती. पुस्तकात एक माणूस वाकतो म्हणून वाचतो. इथे एक बाई वाकली आणि तिच्यासकट डझनाहून जास्त माणसं गेली.

कट्ट्यावरच्या एक बाई म्हणतात की जॅकल त्या उमरावाच्या बायकोला मारतो तिथे त्यांचं मन उडालं. माझं नाही उडालं. तिने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं, आता ती मरणारच, असं मी वाचून पुढे गेलो. खोटी कागदपत्रं करणारा जॅकलला ब्लॅकमेल करतो म्हणून मरतो, ते तर मला रास्तच वाटलं. आर्देनच्या जंगलात रायफल तपासताना झाडाला टांगलेलं खरबूज फुटतं, तेव्हा मी तिच्या दुर्बिणीच्या स्क्रूचा विचार करत होतो, किती फिरवला, किती फरक पडला. ते खरबूज कशाच्या जागी टांगलंय हे वीस वर्षांच्या पोराला कळत नव्हतं, असं नाही. कळत होतं.

लेखक वाचकाला फसवतो, असंही तुमच्यातले काही जण म्हणतात. ते मी मान्य करणार नाही. जॅकलच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी लेबेलही त्याच पानांत राबतोय. रात्र-रात्र जागून हॉटेलांची नोंदणी कार्डं तपासून घेतो, वरिष्ठांची बोलणी खातो. तेही कामच, तितक्याच मेहनतीने लिहिलेलं. मी त्याच्या बाजूने का गेलो नाही, हे लेखकाला विचारून कसं चालेल?

त्या पहाटे शेवटची पानं राहूनच गेली. ती मी पावसाळा संपल्यावर वाचली. जॅकलला पॅरिसच्या कडेच्या एका कब्रस्तानात पुरतात, खुणेशिवाय. मृत्यूच्या दाखल्यावर अनोळखी परदेशी पर्यटक, गाडीखाली सापडला, असं लिहितात. पाद्री, पोलीस, कारकून, खड्डा खणणारे दोघं. आणि आणखी एक ठेंगणा माणूस, जो नाव सांगायला नकार देतो आणि बायकामुलांकडे घरी जातो. तो लेबेल आहे. ज्याने त्याला गोळ्या घातल्या, तोच एकटा त्याच्यासाठी आलेला.

बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी आपणहून हे पान त्यांना सांगितलं नाही. २००६ मध्ये ते गेले. त्यांना माहीत होतं ते एवढंच, की नेम चुकला आणि त्यांचा मुलगा हळहळला.