आजीला ऐकू येतं

नाट्यलेखन शिबिराचा पहिला तास शब्दांचा. अंक, प्रवेश, संघर्ष, नेपथ्य, रंगसूचना. मुलं निमूट उतरवून घेतात. नेपथ्य म्हणजे मुळात पडद्यामागची जागा, 'नेपथ्ये' लिहिलं की आतून आवाज, हे मी दरवेळी सांगतो आणि मुलं दरवेळी वहीत 'नेपथ्य = सेट' लिहितात. स्वगत म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी 'जगावं की मरावं' सुरू करतोच. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० सालचं. तेव्हापासून ऑडिशनला येणारी विशीतली पोरं म्हातारी होऊनच येतात.

माझा जीव खरा जनांतिकात. संस्कृत नाट्यशास्त्राने बोलण्याची वाटणी फार नेटकी केलीय. सगळ्यांना ऐकू जातं ते प्रकाश. रंगमंचावर कुणालाच ऐकू जात नाही ते स्वगत. आणि ठरावीक पात्रालाच ऐकू जातं, बाकीचे शेजारी उभे असून बहिरे, ते जनांतिक. त्यासाठी नट त्रिपताक हस्त धरतो: अनामिका वाकवलेली, बाकी बोटं ताठ. एवढ्या आडोशावर प्रेक्षक मान्य करतो की पलीकडच्याला काही ऐकू गेलं नाही. मी हात धरून दाखवतो, मुलं हसतात, मग स्वतः धरून बघतात.

यंदा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात हेच झालं आणि मी गृहपाठ दिला: तिसऱ्या माणसासमोर, त्याला न कळता, दोघं बोलतायत असा प्रवेश लिहून आणा. बहुतेकांनी प्रेमप्रकरणं आणली, मोबाईलवरची. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने स्वयंपाकघर आणलं. आई-बाबा चहा घेतायत, कोपऱ्यात आजी बोटाला राख लावून वाती वळतेय. ती बहिरी, म्हणून तिच्यासमोरच बोलणं चाललंय. रविवारी तिला धाकट्याकडे सोडून यायचं. कायमचं. खाली कंसात रंगसूचना: (आजीला सगळं ऐकू येतं.)

मी लाल पेनाने ती खोडली. रंगसूचनेत दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच लिहायचं, हा माझा नियम. "हे नटीने करायचं कसं? वाती वळता वळता हात थांबतो, असं लिही." खरं सांगायचं तर हा थांबणारा हात मी आजवर बऱ्याच संहितांना उसना दिलाय.

ती म्हणाली, "थांबत नाही सर. थांबला तर घरात कळेल ना."

यावर मला काही सुचलं नाही. चहाची सुट्टी जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन वाक्यं वाढवून आणली. नात आजीच्या कानाशी ओरडते, "किती झाल्या गं वाती?" आजी वळता वळता म्हणते, "रविवारपर्यंत पुरतील." त्याखाली रंगसूचना: (कुणी बोलत नाही. आई गॅस बारीक करते.)

वर्गात वाचलं तेव्हा मागचा बाकसुद्धा गप्प होता. मी तिला म्हटलं, याची एकांकिका कर. तिने केली.

दोन महिन्यांनी युवा महोत्सवात प्रयोग होता, मी मुद्दाम गेलो. दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा, हुशार मुलगा. हुशार मुलांना लाइट्सचा सोस असतोच. त्या वाक्याला त्याने आजीला उठवून पुढे आणलं, तोंड प्रेक्षकांकडे, निळा स्पॉट, बासरी. आई-बाबा अंधारात. "रविवारपर्यंत पुरतील." कडकडून टाळी. गॅसची रंगसूचना त्याने कापली होती, टाळी मरते म्हणून. परीक्षकांनाही तीच जागा आवडली. लेखनाचं बक्षीस मिळालं.

मुलगी विंगेत भेटली. बक्षिसाबद्दल अवाक्षर नाही. "सर, आई-बाबा तिथेच होते ना? मग त्यांना कसं नाही ऐकू गेलं?"

तिचं बरोबर होतं. ते वाक्य प्रकाश होतं. घरातल्या सगळ्यांना ऐकू जायला हवं म्हणूनच लिहिलेलं, आणि ऐकून आईचा हात गॅसच्या बटणाकडे जायला हवा म्हणून. दिग्दर्शकाने आजीचं तोंड फिरवलं आणि त्याचं स्वगत झालं. आजी पुन्हा फक्त आमच्याशी बोलली, घरात कुणाशीच नाही. हे मला तिथे सांगता आलं असतं. पण त्या टाळीत माझेही हात होते, आणि दिसेल-ऐकू येईल असंच लिही, हे मीच शिकवलेलं. तो पोरगा तरी वेगळं काय करत होता?

मी म्हणालो, "रंगभूमीवर तसा संकेत असतो."

"हो," ती म्हणाली, "आहे वहीत."