ओटीची (ऑक्युपेशनल थेरपीची) नोकरी घेण्याआधी मी काय काय बघितलं

ओटी म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी थेरपी. तिची इंटर्नशिप संपली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं आणि दोन ऑफर आल्या, एक लहान मुलांच्या थेरपी सेंटरची आणि दुसरी हॉस्पिटलच्या न्यूरो रिहॅबची, म्हणजे स्ट्रोकसारख्या मेंदूच्या आजारांनंतरच्या थेरपीची. सेंटरचा आकडा मोठा, त्यामुळे घरच्यांचं म्हणणं, विचार कसला करतेस. (मुंबईत केईएमला 1950 पासून ओटी शिकवतात तरी आमच्या आईसाठी मी फिजिओच, ते असो.)

इंटरव्ह्यूत सगळे गोडच बोलतात म्हणून मी दोन्हीकडे म्हटलं, एक दिवस बसून बघू द्या.

सेंटरला 45 मिनिटांची सेशन्स पाठोपाठ, एक मूल बाहेर पडतंय तोवर दुसरं आत, आणि आईशी जे काय बोलायचं ते दारात मुलाला बूट घालता घालता. नोट्स कधी लिहिता विचारलं तर तिथली ताई म्हणाली, रात्री घरी. झोके, ट्रॅम्पोलिन, बॉल पूल सगळं एकदम भारी पण जो येईल त्याला तेच. एक आई सांगत होती की ह्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, शाळेत मुलं हसतात, आणि त्याचं अख्खं सेशन झोक्यावर गेलं. झोक्याला माझा विरोध नाही हो, सेन्सरी काम (तोल, स्पर्श अशा संवेदनांचं) लागतंच, पण बटणाचं काय? मुलाला काय जमायला हवं ते ध्येय कोण ठरवतं विचारलं तर, हेड मॅडम ठरवतात, तुम्ही प्लॅन फॉलो करायचा. वर तो मोठा आकडा टक्केवारीचा निघाला, म्हणजे मूल आलं नाही तर पैसे नाहीत, आणि पावसाळ्यात सर्दी-तापाने किती मुलं येतात ते सगळ्यांना माहितीये. शिवाय बॉन्ड आणि ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्याकडे ठेवायचं. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

हॉस्पिटलमध्ये खोली छोटी, स्प्लिंटचं (हाताला आधार द्यायच्या पट्टीचं) मटेरियल जपून वापरा असं दोनदा ऐकलं, पगारही कमी. पण सीनियर मॅडम स्ट्रोकच्या एका आजोबांना शर्ट घालायला शिकवत होत्या, घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला, आणि आजोबा चिडले तरी मॅडमनी स्वतः हात लावला नाही, थांबल्या. मग आजींना बसवून घरचं बाथरूम कसंय, उंबरा किती उंच, कमोड आहे का, सगळं विचारलं. असेसमेंटला वेगळा वेळ, नोट्स ड्युटीतच, अडलं तर विचारायला माणूस. पहिल्या नोकरीत मला हेच हवं होतं.

अडचण एकच, मला आवड लहान मुलांची. म्हणून स्पष्ट विचारलं की पेडियाट्रिक ओपीडी मिळेल का, तर आठवड्यातून दोन दिवस देऊ म्हणाले. मी म्हटलं ऑफर लेटरमध्ये लिहा. एचआरवाल्यांनी तोंड वाकडं केलं, पण लिहून दिलं, मग सही केली.