बुडखा क्र. २: सोटमूळ तुटलं, क्र. ३ चा बेत बदलला

सुटला एकदाचा! मागच्या नोंदीत ३५ सेंटिमीटर खोलीवर अडून बसलेला सुबाभळीचा बुडखा खड्ड्याबाहेर आला. जमिनीलगत जाडी २४ सेंटिमीटर, वर राखलेलं खोड ११० सेंटिमीटर, माती काळी, चार दिवसांच्या उघडिपीनंतर आलेला छान वाफसा, म्हणजे खणायला बेताची ओल. काळ्या मातीत हा वाफसा गाठणं म्हणजे निम्मं काम. त्याआधी खणलं तर फावड्याला चिखल चिकटतो, आठवडाभर उशीर झाला तर टिकाव उडतो.

बाजूच्या मुळांचं थोडक्यात. सात होती, ३ ते ९ सेंटिमीटर जाडीची. ३ सेंटिमीटरपर्यंत लांब दांड्याची बायपास कात्री, त्यापुढे ८ पर्यंत ओढताना कापणारी घडीची करवत, बाकीच्यांना कुऱ्हाड. प्रत्येक मुळावर दोन काप घेऊन मधला १०-१२ सेंटिमीटरचा तुकडा काढून टाकला. एकाच कापावर सोडलेलं मूळ बुडखा हलवताना समोरच्या टोकावर टेकतं आणि पाचरीसारखं अडतं. क्र. १ ला नेमकं हेच झालं होतं.

आता सोटमूळ. ५० सेंटिमीटर खोलीवर ते १४ सेंटिमीटर जाड निघालं. हत्यार ११०० वॅटची रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पातं मागेपुढे चालवणारी विजेची करवत, पातं ३०० मिलिमीटरचं, इंचाला ५ दात. कागदावर सगळं बरोबर, तरी पातं तीनदा अडकलं आणि एकदा वाकलं. कारणं एकात एक गुंतलेली होती.

पहिलं कारण जागा. ३० सेंटिमीटरचं पातं आणि मागे ४५ सेंटिमीटरचं मशीन मिळून ७५ सेंटिमीटर होतात. बुडख्याभोवती गोल खड्डा कितीही नेटका काढा, मुळापासून काठापर्यंत ४०-५० सेंटिमीटरच मिळतात. मग मशीन तिरकं धरावं लागतं, पात्याचं टोक पलीकडच्या मातीत घुसतं आणि पहिल्याच खड्याला दात जातात. उपाय म्हणजे गोल खड्डा सोडून एकाच बाजूला चर काढणं: ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ७० खोल. माती निघते सुमारे पाव घनमीटर. १२० सेंटिमीटर व्यासाचा ६० खोल गोल खड्डा काढला असता तर ती ०.६८ घनमीटर निघाली असती. कष्ट निम्म्याहून कमी, आणि मशीन सरळ बसतं. मुळापलीकडची १० सेंटिमीटर माती मात्र खुरप्याने पोकळ करायची, आणि मूळ बादलीभर पाण्याने ब्रशने घासून धुवायचं. सालीच्या सुरकुत्यांतली वाळू पात्याचे दात लाकडापेक्षा लवकर खाते.

दुसरं कारण भुसा. पात्याची फेरी साधारण २८ मिलिमीटरची आणि मूळ १४० मिलिमीटर जाड. मशीन एका कोनात दाबून धरलं की ओला भुसा कापातच गोळा होतो आणि पातं तापतं. मशीन झुल्यासारखं खाली-वर डोलवत राहिलं की एका वेळी थोडीच जाडी दाताखाली येते आणि भुसा बाहेर पडतो.

तिसरं कारण सगळ्यात महागात पडलं: ताणाची दिशा. खोड पूर्वेला ओढलेलं आणि काप घेतला पूर्वेकडूनच. त्या बाजूला मूळ दाबाखाली असतं, त्यामुळे काप मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. चर पश्चिमेला, म्हणजे ओढीच्या विरुद्ध बाजूला हवा. तिथे तंतू ताणलेले असतात, काप आपोआप उघडतो. लिव्हर होइस्टने (दांडा हलवून साखळी ओढणारं हातयंत्र) खोड थोडं कलेपर्यंत ओढायचं, थांबायचं, ४ सेंटिमीटर कापायचं, पुन्हा दांड्याच्या दोन-तीन टिचक्या. शेवटचे ३ सेंटिमीटर करवतीने कापायचेच नाहीत. चरातून बाहेर यायचं आणि ते ओढीनेच तोडायचं, कारण सुटताना बुंध्याचा खालचा भाग उसळतो.

खोड ११० सेंटिमीटर का राखलं, हे पुन्हा विचारलं गेलं. साखळी १ मीटर उंचीवर बांधली की २५ सेंटिमीटरवर बांधल्यापेक्षा चौपट पीळ मिळतो. झाड जमिनीलगत कापून घेणारे हा तरफेचा दांडा सरपणात घालवतात.

होइस्ट पाऊण टनी होता आणि पुरला. फसला तो नांगर, म्हणजे होइस्टचं दुसरं टोक बांधायचा जमिनीतला आधार. एकामागे एक ठोकलेल्या आणि एकमेकींना बांधलेल्या तीन पहारी ओल्या काळ्या मातीत हळूहळू कलत गेल्या. शेवटी मीटरभर लांबीचा ओंडका ६० सेंटिमीटर खोल, ओढीला आडवा पुरला, साखळीसाठी तिरका चर काढला आणि माती थराथराने ठोकून बसवली. मग तो तसूभरही हलला नाही. होइस्टच्या दांड्याला पाइप जोडून जोर वाढवू नका, आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभं राहू नका. नायलॉनचा दोर इथे नकोच. तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

हत्यारांबद्दल माझं मत आणखी पक्कं झालं आहे. आठवडी बाजारातल्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेली, नीट पाणी दिलेली कुऱ्हाड आणि रुंद पात्याचा टिकाव घ्यावा. विकत घेताना नेढं, म्हणजे दांडा बसायचं भोक, बघा: अखंड घडवलेलं हवं, वेल्डिंगने जोडलेलं नको. मातीत मारायची कुऱ्हाड वेगळी ठेवा आणि तिची धार थोडी बोथट कोनाची लावा. पहार ३२ मिलिमीटरची षटकोनी, दीड मीटर लांब, दहा किलोच्या आसपास. २५ मिलिमीटरची गोल पहार सहा किलोचीही भरत नाही आणि तरफेला लावली की वाकते. चेनसॉ जमिनीखाली अजिबात नको, मातीत साखळीची धार काही सेकंदांत जाते.

५० सेंटिमीटरखाली राहिलेल्या तुकड्याची चिंता नाही, फुटवे बुंध्याच्या गळ्यापासून, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात तिथून येतात. बियांची मात्र आहे. त्यांचं कवच कठीण, मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि माती हलवल्यामुळे आता रोपांचं रान उठेल. वीतभर असतानाच उपटायची.

क्र. ३ म्हणजे कुंपणाच्या भिंतीपासून ४० सेंटिमीटरवरचा ५५ सेंटिमीटर जाडीचा गुलमोहर. तो असाच ओढायचं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिताच मन बदललं. त्याची मुळं उथळ आणि लांब पसरतात, काही भिंतीच्या पायाखाली गेलेली असणार, आणि ओढ दिली तर भिंतीला तडा जाईल. शिवाय गुलमोहराचं लाकूड मऊ, ते सहज कुजतं. मग ते कुजवायला धिंगरी अळंबीचं बियाणं का लावू नये? १२ मिलिमीटरच्या बिटने ५ सेंटिमीटर खोल भोकं, १२ सेंटिमीटर अंतराने, गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं दाबून भरायचं, वर वितळलेलं मेण, ओलं पोतं झाकायचं. युरिया किंवा पोटॅशियम नायट्रेट मग घालायचं नाही, जास्त नत्राने हिरवी बुरशी आधी शिरते. मिठाचा तर प्रश्नच नाही, शेजारची माती नासेल. फुटवे दर आठवड्याला खुडायचे. जिवंत बुडख्यात बुरशी सहज धरत नाही. आणि त्यावर उगवलेली कोणतीही अळंबी नक्की ओळख पटल्याशिवाय खायची नाही.

बियाणं मिळालं की पहिली भोकं पाडतो. अजून दीड महिना ओल राहील, तेवढी पुरेल. गिरमिट की ड्रिल हे ठरलेलं नाही. ओल्या लाकडात गिरमिटाचा भुसा लांब निघतो आणि भोक स्वच्छ राहतं, पण भोकं साठाच्या वर जातील, म्हणून सध्या कल ड्रिलकडे आहे.